वसाहतकालीन अमेरिकेतील स्त्रीचे माहेर शोधताना

इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहतींमध्ये, म्हणजे १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउन वसले तेव्हापासून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंत, पुरुषाचे नाव जमिनीच्या दस्तांत, करयाद्यांत, न्यायालयाच्या दप्तरात आणि लष्कराच्या हजेरीपटांत जागोजाग सापडते. त्याच्या पत्नीचे नाव मात्र पुष्कळदा 'मेरी' किंवा 'एलिझाबेथ' एवढेच हाती लागते. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने विवाहित स्त्रीला नवऱ्यापासून वेगळे अस्तित्व नव्हते. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, नवऱ्याच्या संमतीवाचून मृत्युपत्र करता येत नसे, आणि माहेरहून आणलेली चीजवस्तू लग्नाबरोबर नवऱ्याच्या मालकीची होई. जिच्या नावावर व्यवहार नाही तिच्या नावावर कागदही नाही. म्हणून या शोधाची पद्धत थोडी उलटी आहे. तिच्या नावामागे न लागता तिचे वडील, भाऊ, बहिणी, नवरे, साक्षीदार आणि शेजारी यांचे कागद वाचायचे आणि त्यांत ती कोठे डोकावते ते पाहायचे.

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत आता तिथल्या सुना आणि जावई आले आहेत, त्यामुळे नातवंडांच्या वंशावळीची एक बाजू एखाद्या कोकणातल्या गावाकडे आणि दुसरी पेनसिल्व्हेनियाकडे जाते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे घराण्याची वही उघडून पाच पिढ्या वाचाव्यात, तशी सोय या दुसऱ्या बाजूला नाही. तिथे वही स्वतःच जुळवावी लागते. पुढील विवेचनासाठी मुख्य उदाहरण म्हणून फिलाडेल्फियाची बेट्सी रॉस घेतली आहे. अमेरिकेचा पहिला ध्वज शिवल्याची कथा तिच्याभोवती आहे, पण आपल्याला तिचा उपयोग वेगळ्या कारणासाठी आहे: एका आयुष्यात तिची चार आडनावे झाली.

आधी नावांची यादी

शोधाची सुरुवात स्त्रीच्या मृत्यूपासून करून मागे जावे. शेवटचा खात्रीचा कागद कोणता, त्यात तिचे नाव काय, त्याआधीचा कोणता, असे एकेक पायरी उतरत जन्मापर्यंत पोहोचायचे. बेट्सीच्या बाबतीत ही उतरण अशी दिसते. ३० जानेवारी १८३६ रोजी ती वारली तेव्हा ती एलिझाबेथ क्लेपूल होती, कारण ८ मे १७८३ रोजी क्राइस्ट चर्चमध्ये तिचा जॉन क्लेपूलशी विवाह झाला होता. त्याआधी ती एलिझाबेथ अ‍ॅशबर्न होती. जोसेफ अ‍ॅशबर्न या खलाशाशी तिने १५ जून १७७७ रोजी लग्न केले आणि तो इंग्रजांच्या कैदेत इंग्लंडमधील प्लिमथ येथील ओल्ड मिल तुरुंगात १७८२ साली वारला. त्याही आधी ती एलिझाबेथ रॉस होती. जॉन रॉसशी १७७३ च्या नोव्हेंबरमध्ये झालेले लग्न त्याच्या मृत्यूने १७७६ च्या जानेवारीत संपले. आणि जन्माने ती एलिझाबेथ ग्रिस्कम, सॅम्युएल ग्रिस्कम व रिबेका जेम्स यांच्या सतरा मुलांपैकी आठवी.

आता एक कागद पाहा. पेनसिल्व्हेनियाच्या नौदल मंडळाच्या इतिवृत्तात २९ मे १७७७ रोजी एलिझाबेथ रॉस हिला जहाजांचे ध्वज करण्याबद्दल १४ पौंड १२ शिलिंग २ पेन्स देण्याची नोंद आहे. तिच्या कामाचा हा सरकारी पुरावा आहे. तारीख पाहिली तर दुसरे लग्न त्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी झाले. 'रॉस' या आडनावाने पुढची वर्षे शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही आणि बाई वारली असावी असा तो तर्क करून बसेल. त्यामुळे शोधाच्या वहीत प्रत्येक आडनावापुढे ते कधीपासून कधीपर्यंत लागू होते हे लिहून ठेवावे आणि कोणताही शोध त्या मुदतीतच चालवावा.

पहिल्या नावाचेही प्रकार असतात. बेट्सी, बेटी, एलायझा ही एलिझाबेथची रूपे. पॉली आणि मॉली म्हणजे बहुतेक मेरी, सॅली म्हणजे सेरा, पॅटी म्हणजे मार्था, पेगी म्हणजे मार्गारेट, आणि नॅन्सी म्हणजे पुष्कळदा अ‍ॅन. आडनावांचे स्पेलिंग तर लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून होते, म्हणून सूचीत एकाच रूपावर थांबू नये.

तारखा वाचण्यापूर्वी

१७५२ पर्यंत इंग्रजी अमलाखालील प्रदेशांत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. समजा, एखाद्या जोडप्याचे लग्न १० एप्रिल १७०० चे आणि पहिल्या मुलाचा जन्म ५ फेब्रुवारी १७०० चा नोंदलेला आहे. मूल लग्नापूर्वीचे असा निष्कर्ष घाईने काढला जातो, पण जुन्या गणनेत ती फेब्रुवारी एप्रिलनंतर येते आणि मूल दहा महिन्यांनी झालेले असते. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातील तारखांना कारकून कधीकधी '१६९१/९२' असे जोडवर्ष लिहीत. ते आपल्या टिपणात जसेच्या तसे उतरवावे, स्वतः बदलू नये. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली, त्यामुळे त्या वर्षाच्या आसपास अकरा दिवसांचा फरक दिसला तर तो दोन वेगळ्या व्यक्तींचा पुरावा समजू नये.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक महिन्यांना नावांऐवजी क्रमांक देत, आणि १७५२ पूर्वी त्यांचा 'पहिला महिना' मार्च होता. बेट्सीचा जन्म १ जानेवारी १७५२ चा, म्हणजे इंग्रजी प्रदेशांत कायद्याने जानेवारीपासून सुरू झालेल्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवसाचा. घराणे क्वेकर असल्यामुळे तिच्या थोरल्या भावंडांच्या जन्मतारखा वाचताना 'पहिला महिना' म्हणजे मार्च, आणि तिच्यापासून पुढे जानेवारी, हे लक्षात ठेवावे लागते.

कोणत्या वसाहतीत कोणते दप्तर

ज्या वसाहतीत स्त्री राहिली तिच्या पद्धतीवर कागदांचे स्वरूप ठरते. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे ईशान्येकडील वसाहतींत, जन्म, विवाह व मृत्यूची नोंद गावाने ठेवावी असा मॅसॅच्युसेट्सचा नियम १६३९ पासूनचा आहे. तिथल्या अनेक गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी गावनिहाय पुस्तकांत छापल्या गेल्या आणि कनेक्टिकटच्या अशाच नोंदींसाठी बार्बर संग्रह आहे. १६२० ते १६४० मध्ये आलेल्या कुटुंबांवर बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिअ‍ॅलॉजिकल सोसायटीने मोठे काम केले आहे. न्यूयॉर्क १६६४ पर्यंत डचांकडे होते आणि डच रिफॉर्म्ड चर्चच्या वहीत लग्न झालेली स्त्री बापाच्या नावानेच नोंदली जाई. बाप्तिस्म्याचे साक्षीदारही बहुधा मामा, मावशी, आजी असे जवळचेच असत, त्यामुळे हा भाग संशोधकाला सर्वांत सुखाचा. व्हर्जिनियात पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या, वह्या फार थोड्या टिकल्या. शिवाय काही काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी रिचमंडला पाठवलेली दप्तरे एप्रिल १८६५ च्या आगीत जळाली. तिथे काउंटी न्यायालयाच्या उरलेल्या वह्या, विवाहाचे जामीनकतबे आणि जमिनीच्या सनदा यांवरच भिस्त ठेवावी लागते. पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मनांच्या १७२७ पासूनच्या शपथेच्या याद्या आहेत, पण त्यांत सोळा वर्षांवरील पुरुषच आहेत. बायकांसाठी त्यांच्या चर्चच्या वह्या उघडाव्यात.

पेनसिल्व्हेनियातील क्वेकरांची दप्तरे मात्र अशी आहेत की त्यांच्यावर थोडे रेंगाळावे. लग्नाचा इरादा मासिक सभेत दोनदा जाहीर करावा लागे, वधू-वर इतरत्र बांधलेले नाहीत याची चौकशी होई, आणि लग्नाच्या दिवशी हजर असलेल्या सर्वांच्या सह्या प्रमाणपत्रावर होत. नातेवाइकांची नावे सहसा जोडप्याच्या नावांच्या जवळ सापडतात, त्यामुळे एका कागदावर दोन्ही घरांचा गोतावळा मिळतो. स्त्रियांची सभा वेगळी भरे आणि तिचे इतिवृत्तही वेगळे असे. कोणी दुसऱ्या गावी गेले तर बदलीचा दाखला नेत असे. आणि पंथाबाहेर लग्न केले तर बहिष्काराची नोंद होई, जी आपल्यासाठी लग्नाच्या दाखल्याइतकीच मोलाची असते, कारण तिच्यात नवे व जुने अशी दोन्ही आडनावे येतात. बेट्सीने जॉन रॉस या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, तरुणाशी नदीपलीकडे न्यूजर्सीत ग्लॉस्टर येथील एका खानावळीत लग्न केले आणि सभेने तिला काढून टाकले. लग्न एका वसाहतीत आणि बहिष्कार दुसरीत, असे हे प्रकरण असल्यामुळे फक्त फिलाडेल्फियाच्या वह्या पाहणाऱ्याला लग्न सापडत नाही. सीमेजवळ राहणाऱ्या कुटुंबासाठी शेजारच्या वसाहतीचे परवाने पाहणे हा नियमच समजावा. क्वेकर दप्तरांचे मोठे संग्रह स्वार्थमोर आणि हॅवरफोर्ड या महाविद्यालयांत आहेत आणि त्यांतील बराच भाग अ‍ॅन्सेस्ट्री या सशुल्क संकेतस्थळावर आहे.

मृत्युपत्रे आणि वाटण्या

माहेर सिद्ध करणारा कागद बहुतेक वेळा बापाच्या मृत्यूनंतर तयार होतो. 'माझी मुलगी मेरी, अमक्याची पत्नी' अशी एक ओळ मिळाली की काम झाले. म्हणूनच नवऱ्याच्या घराजवळ राहणाऱ्या, तिच्या बापाच्या वयाच्या सर्व पुरुषांची मृत्युपत्रे वाचून काढण्याचा उद्योग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. त्या काळात लग्ने बहुधा पंचक्रोशीतच होत.

मृत्युपत्र नसेल तर निराश होऊ नये. उलट वाटणीचा कागद अधिक बोलका असतो, कारण सर्व वारसांच्या सह्या लागतात. मॅसॅच्युसेट्समधील सेलमच्या चेटकीण खटल्यांतील तीन स्त्रिया याचे उत्तम उदाहरण आहेत. रिबेका नर्सला १९ जुलै १६९२ रोजी आणि मेरी ईस्टीला २२ सप्टेंबर १६९२ रोजी फाशी झाली. सेरा क्लॉइस वाचली. तीन आडनावांमागे या सख्ख्या बहिणी आहेत हे खटल्याचे नुसते आरोपपत्र वाचून कळत नाही. त्यांचे वडील विल्यम टाउन आणि आई जोआना ब्लेसिंग हे टॉप्सफील्ड परिसरात स्थायिक झाले होते, आणि आईच्या मृत्यूनंतर मालमत्तेच्या वाटणीत मुलगे व मुली एकत्र येतात. त्यात सेरा ही क्लॉइस नसून ब्रिजेस आहे, कारण तेव्हा ती पहिल्या नवऱ्याच्या आडनावाने ओळखली जात होती. खटल्यांनंतरचे कागदही सोडू नयेत. मॅसॅच्युसेट्सने १७११ साली शिक्षा रद्द करून भरपाई मंजूर केली, त्यात रिबेका नर्सच्या वारसांना २५ पौंड आणि मेरी ईस्टीच्या वारसांना २० पौंड होते. भरपाई वारसांना द्यायची असल्याने त्या प्रकरणांत मुलेबाळे पुढे येतात. सेलम खटल्यांचे मूळ कागद व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संग्रहात ऑनलाइन विनामूल्य वाचता येतात.

या कागदांतील नातेवाचक शब्द आजच्या अर्थाने घेतले तर वंशावळ बिघडते. 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई असेल किंवा सावत्र मुलगाही. 'मदर-इन-लॉ' म्हणजे सावत्र आई असू शकते. 'कझिन' हा शब्द पुतणी किंवा भाच्यासाठीही वापरत. 'माय नाऊ वाइफ' असे लिहिले म्हणजे आधी एक बायको होऊन गेली असे सिद्ध होत नाही, ती केवळ मृत्युपत्राची परिभाषा आहे. 'ऑर्फन' म्हणजे बाप वारलेले मूल, आई हयात असली तरीही. 'मिसेस' हे विवाहाचे नव्हे तर प्रतिष्ठेचे बिरुद असू शकते, आणि साध्या घरातील बाई 'गुडवाइफ' किंवा 'गुडी' म्हणून येते. 'रेलिक्ट' म्हणजे मागे उरलेली विधवा, तर थडग्यावरील 'कॉन्सॉर्ट' म्हणजे नवरा जिवंत असताना वारलेली.

पालक नेमणुकीची प्रकरणे वेगळी काढून वाचावीत. बाप वारल्यावर मुलांच्या मिळकतीसाठी पालक नेमला जाई आणि चौदा वर्षांवरील मुलाला तो निवडता येई. निवडलेला पालक वडिलांच्या आडनावाचा नसेल तर तो मामा असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासावी.

जमिनीचे दस्त

नवऱ्याच्या मृत्यूनंतर विधवेला त्याच्या स्थावर मिळकतीच्या एकतृतीयांश भागाचा हयातभर उपभोग मिळे. हा हक्क शाबूत असेपर्यंत खरेदीदाराला निर्वेध मालकी मिळत नसे. त्यामुळे जमीन विकताना बायकोने हक्क सोडल्याची नोंद घेत, आणि अनेक वसाहतींत न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन ती स्वखुशीने संमती देते का असे विचारी. तिचे पहिले नाव येथे हमखास मिळते. एकाच माणसाच्या १७४५ च्या दस्तात एलिझाबेथ आणि १७५२ च्या दस्तात मेरी असेल तर मुलांची आई कोण हा प्रश्न नव्याने मांडावा लागतो.

पण दस्तांतील खरा खजिना अविभक्त हिश्शाच्या विक्रीत असतो. समजा, जॉन आणि त्याची पत्नी एलिझाबेथ हे दोघे मिळून एका शेताचा एकसप्तमांश हिस्सा विकत आहेत, आणि ते शेत जॉनने कधी विकत घेतल्याचे दिसत नाही. असा हिस्सा वारशानेच येतो, आणि तो बायकोच्या बाजूचा असण्याची दाट शक्यता असते. मग विक्रेत्यांची सूची घेऊन त्याच शेताचे उरलेले सहा हिस्से कोणी विकले ते शोधावे, चतुःसीमा जुळवून पाहाव्यात आणि शेताचा आधीचा मालक कोण ते काढावे. सहा विक्रेत्यांपैकी तीन जण एकाच आडनावाचे भाऊ निघाले की एलिझाबेथचे माहेर उजेडात येते. हे काम पूर्वी एकेक पान उलटून करावे लागे. फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळाने हस्तलिखित वाचणारा पूर्णमजकूर शोध २०२४ पासून सुरू केल्यावर अमेरिकेतील जमिनीच्या व वारसाच्या दप्तरांत साक्षीदार म्हणून आलेले नावही सापडू लागले आहे. यंत्राचे वाचन चुकते, म्हणून मूळ पानाचे चित्र पाहिल्याशिवाय काहीही टिपून घेऊ नये. काउंट्यांच्या सीमा वरचेवर बदलत असल्याने त्या वर्षी ते गाव कोणत्या काउंटीत होते हेही आधी पाहावे लागते.

गुलाम आणि करारबद्ध स्त्रिया

वंशावळीच्या बहुतेक मार्गदर्शिकांत या स्त्रिया शेवटी तळटीपेसारख्या येतात, हे मला योग्य वाटत नाही. व्हर्जिनियाने १६६२ साली असा कायदा केला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल. या क्रूर नियमाचा एक परिणाम असा की मालकांच्या कागदांत मुलांची नोंद आईला जोडून होऊ लागली आणि बापाचा उल्लेख क्वचित राहिला. अशा स्त्रीचा शोध मालकाच्या कुटुंबाच्या मृत्युपत्रांतून, मालमत्तेच्या याद्यांतून, विक्रीखतांतून आणि मालकाच्या मुलींना लग्नात दिलेल्या 'देणग्यां'तून घ्यावा लागतो. म्हणजे आधी मालकाच्या घराची वंशावळ पक्की करावी लागते. स्वातंत्र्यासाठी लढलेले दावे हे दुसरे साधन. एलिझाबेथ की हिचे वडील इंग्रज आणि आई आफ्रिकन होती. तिने व्हर्जिनियाच्या नॉर्थंबरलँड काउंटीत दावा लावून १६५६ साली स्वातंत्र्य मिळवले, आणि तिच्या आईवडिलांविषयी आपल्याला जे कळते ते त्या दाव्यातील साक्षींमुळे. करारबद्ध नोकर म्हणून आलेल्या गोऱ्या स्त्रिया काउंटी न्यायालयाच्या वह्यांत मुख्यतः शिक्षेच्या निमित्ताने भेटतात, कारण कराराच्या मुदतीत मूल झाले तर त्यांची मुदत वाढवली जाई.

क्रांतीनंतरचे कागद

वसाहतकाळात जन्मलेली स्त्री पुढे दीर्घायुषी झाली असेल तर नंतरचे कागद मागचे सांगतात. १८३६ आणि १८३८ च्या कायद्यांनी क्रांतियुद्धातील, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील, सैनिकांच्या विधवांना निवृत्तिवेतन दिले, पण त्यासाठी लग्न सिद्ध करावे लागे. अनेकींनी घरच्या बायबलमधील जन्म-विवाहांची पाने फाडून अर्जासोबत पाठवली आणि ती आजही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फायलींत आहेत. १७९० च्या पहिल्या जनगणनेत मात्र फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे आणि गोऱ्या स्त्रियांचा वयाचा तपशीलही नाही. विधवा स्वतः प्रमुख असेल तरच या जनगणनेचा उपयोग.

घरची कथा, थडगे आणि तयार वंशावळी

बेट्सीने जॉर्ज वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून ध्वज शिवल्याची कथा तिच्या नातवाने, विल्यम कॅन्बीने, १८७० साली पेनसिल्व्हेनियाच्या ऐतिहासिक संस्थेपुढे सांगितली आणि नातेवाईक स्त्रियांची प्रतिज्ञापत्रे जोडली. घटनेनंतर सुमारे ९४ वर्षांनी दिलेली ही साक्ष ध्वजाबद्दल समकालीन पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु त्याच प्रतिज्ञापत्रांत कोण कोणाची मुलगी, लग्नानंतरचे नाव काय, कोण कोठे राहत होती, हे साक्ष देणाऱ्यांनी स्वतः अनुभवलेले आहे आणि त्या भागाला बरेच वजन द्यावे. एकाच कागदातील दोन विधानांची विश्वासार्हता अशी वेगवेगळी असते.

थडग्याचेही तसेच. बेट्सीचे पहिले दफन फ्री क्वेकरांच्या स्मशानात झाले, मग अवशेष माउंट मोरिया या दुसऱ्या स्मशानात नेले, आणि १९७५ साली तेथून बेट्सी रॉस हाउसच्या आवारात हलवायचे ठरले तेव्हा तिच्या दगडाखाली काहीच सापडले नाही. कुटुंबाच्या जागेतील दुसरी हाडे तिची मानून हलवली गेली. दगडावरची तारीख कधी कोरली आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे विचारल्याशिवाय ती पुरावा होत नाही.

ऑनलाइन वंशवृक्षांत एखादे माहेरचे आडनाव पन्नास ठिकाणी दिसते तेव्हा ते बहुधा एकाच ठिकाणाहून उचललेले असते. छापील पुस्तकांवरही डोळे झाकून विसंबू नये. गुस्ताव अंजू नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन बनावट वंशावळी करून दिल्या आणि त्यांतील नावे आजही फिरत आहेत.

डीएनए आणि समुद्रापलीकडे

आईकडून मुलांकडे जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए पुढे फक्त मुलींतून जातो, म्हणून त्या स्त्रीच्या दोन वेगळ्या मुलींपासून अखंड स्त्रीवंशाने आलेले आजचे दोन वंशज शोधून दोघांची पूर्ण चाचणी करावी. निकाल जुळला नाही तर गृहीतक पडले, किंवा मधली एखादी पिढी चुकीची आहे. जुळला तरी दोघी बहिणी होत्या की मावसबहिणी हे त्यावरून ठरत नाही. ते कागदानेच ठरवावे. सर्वसाधारण ऑटोसोमल (आई-वडील दोघांकडून आलेला डीएनए पाहणारी) चाचणी इतक्या पिढ्यांनंतर फारशी मदत करत नाही.

इंग्लंडमधील पॅरिशच्या वह्या १५३८ पासून सुरू होतात. रिबेका नर्सचा १६२१ चा बाप्तिस्मा ग्रेट यार्मथच्या सेंट निकोलस चर्चमध्ये सापडतो, पण तो तिचाच हे आईवडिलांची नावे, भावंडांचा क्रम आणि त्या कुटुंबाचे पुढे तिथून नाहीसे होणे, या सर्वांवरून ठरते. नुसते नाव आणि वय जुळले म्हणून समुद्र ओलांडू नये.

शेवटी प्रत्येक नात्यासाठी एक परिच्छेद लिहावा: कोणते कागद पाहिले, कोठे सापडले, काय परस्परविरोधी निघाले आणि ते कसे सोडवले. ज्या वह्या शोधूनही काही मिळाले नाही त्यांची नावे आणि वर्षेही त्यात घालावीत, म्हणजे पुढच्या माणसाला त्याच वह्या पुन्हा उघडाव्या लागत नाहीत. हे सर्व करूनही माहेर ठरले नाही तर वंशवृक्षात ती जागा कोरी ठेवावी आणि सर्वांत संभाव्य आडनाव फक्त टिपणात, कारणांसह नोंदवावे.